दुर्मिळ उत्तराला दोन गुण

माझी आत्या दोन अनोळखी पोरांच्या तोंडून बाहेर पडली तेव्हा मी बसमध्ये दांडा धरून उभा होतो. जागा होती, पण मी बसमध्ये बसत नाही. बसलेला म्हातारा पेंगतो, आणि पेंगणाऱ्या म्हाताऱ्याच्या आयुष्यात नवीन काही घडत नाही. समोरच्या बाकावर गणवेशातली दोघं, एक चष्मेवाली आणि एक गोबऱ्या गालांचा, सोयाच्या दुधाचा एकच पेला दोघांत फिरवत एकमेकांची उजळणी घेत होती.

“छत्री?” चष्मेवालीनं विचारलं.

“आत्याचं लग्न.” गोबऱ्यानं डोळे मिटून सांगितलं.

“बरोबर. मीठ?”

“मुका वाघ.”

“पपनस?”

“पपनस... थांब, सांगू नकोस. न्हावी!”

दांडा माझ्या हातात होता म्हणून मी उभा राहिलो. “लग्न कोणाच्या आत्याचं?” मी विचारलं.

“अं? कोणाच्याच नाही, आजोबा. उत्तर आहे ते.”

“आणि वाघ मुका का?”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. “ते परीक्षेत नाही विचारत,” चष्मेवाली म्हणाली.

“छत्री म्हटल्यावर पाऊस नाही का आठवत तुम्हाला?”

यावर दोघं इतकी हसली की दूध गोबऱ्याच्या नाकातून बाहेर आलं. “पाऊस तर सगळेच लिहितात! पाऊस लिहिला की शून्य. कोणालाच सुचत नाही ते लिहायचं. दुर्मिळ उत्तराला दोन गुण. आमचे सर म्हणतात, आत्याचं लग्न म्हणजे हुकमी.”

हुकमी! माझी आत्या आयुष्यात कधी हुकमी नव्हती. वादळ सुटलं असताना ती छत्री घेऊन अंगणात उतरली, वाऱ्यानं छत्रीला उचललं, छत्रीनं आत्याला, आणि मिठागरांवरून, खाडीवरून, मधल्या अख्ख्या समुद्रावरून नेऊन तिला पेंगहू बेटावर एका ब्रह्मचाऱ्याच्या दारात उतरवलं. तिकडे लख्ख ऊन होतं आणि तो बिचारा माकुल वाळत घालत होता. वरून आलेली वस्तू परत कुठे करायची, हे त्याला कळेना, म्हणून त्यानं लग्न केलं. वाटभर आत्याच्या काखेत कोंबडी होती, तिचंच लग्नात सूप झालं. हे सगळं खरं आहे, छत्री मी स्वतः पाहिली आहे. पण ही गोष्ट मी देवळात कधी सांगितली नाही. समुद्रदेवी माझूच्या देवळासमोर मी उभा जन्म कथा सांगितल्या, एक उदबत्ती जळेपर्यंत एक कथा, ती विझली की थांबायचं, मग सेनापतीची तलवार वर उचललेली का असेना. पुढचं हवं असेल तर ऐकणाऱ्यांनी नवी उदबत्ती लावावी. पण त्या राजांच्या आणि सेनापतींच्या कथा, सगळ्या गावाच्या. आत्या घरची. माझी नात वेइवेइ तापानं फणफणली होती तेव्हा मी आत्याला पहिल्यांदा उडवलं, आणि कोंबडी माझी नव्हेच, कोंबडी वेइवेइनं घातली. “रिकाम्या हातानं कोणी वादळात जातं का, आजोबा? काहीतरी पकडायला गेली असेल ना ती?” असं ती तापाच्या गुंगीत म्हणाली आणि माझ्या इतक्या वर्षांच्या आत्याला त्या दुपारी पहिल्यांदा वजन आलं. तेव्हापासून आमचा खेळच झाला. मी एक शब्द टाकायचा, तिनं त्यावर भलताच दुसरा मारायचा, आणि मग दोघांनी मिळून मधला रस्ता शोधायचा. मीठ म्हटलं तर ती म्हणाली वाघ. आता वाघ आणि मीठ! पण शोधता शोधता सापडलं की माझ्या मामाच्या मिठागरात देवळातल्या देव्हाऱ्याखाली बसवलेला वाघ रात्री मीठ चाटायला यायचा, आणि चाटून चाटून त्याची जीभ अशी मुरली की डरकाळी आतल्या आत लोणचं होऊन बसली. त्या रस्त्यावर आम्ही एक अख्खा रविवार काढला होता. आणि या पोरांनी रस्ता फेकून दिला होता आणि दोन टोकं खिशात घातली होती. परक्याच्या दोरीवर आपला सदरा वाळताना दिसावा, बाह्या वाऱ्यानं हलत असाव्यात, आणि आत कोणी नसावं, तसं मला झालं. माझा थांबा गेला. मी तसाच शेवटच्या थांब्यापर्यंत गेलो आणि उन्हातून पायी परत आलो. वाटभर मनात कोंबडीचाच विचार. कोंबडी त्यांच्याकडे नव्हती. कोंबडी कुठे गेली?

“बाबा, आधी आवाज खाली,” घरी पोचताच सूनबाई म्हणाली. श्वे-फेन औषधांच्या दुकानात काम करते, त्यामुळे तिला प्रत्येक गोष्ट डबीत बंद करून, वर चिठ्ठी लावून द्यायची सवय आहे. मुलगा माझा उत्तरेला संगणकाच्या चिपच्या कारखान्यात, तो सणावारी येतो, म्हणून घरात मी, ती आणि वेइवेइ. “शनिवारी वेइवेइची परीक्षा आहे. नव्या शाळेत कल्पक मुलांचा वेगळा वर्ग काढतायत. विद्यापीठाची माणसं येऊन शब्द सांगतात, मुलांनी जो शब्द मनात येईल तो लिहायचा, मग त्यावरून दुसरा, मग तिसरा. कोणाची कल्पना किती लांब जाते ते मोजतात. त्या वर्गात गेली तर सुटली पोर. रोजचं घोकणं नाही, छड्या नाहीत, चित्रं काढायची, यंत्रं बनवायची. मला नाही मिळालं ते. म्हणून लाय सरांचा शिकवणीवर्ग लावला. त्यात काय चुकलं?”

“मन किती लांब जातं त्याची शिकवणी?”

“सगळ्यांनी लावली. आपणच नाही लावली तर ती मागे नाही का पडणार?”

आमच्याकडे कोणत्याही वेडेपणाला हेच कुलूप असतं आणि किल्ली शेजाऱ्याकडे असते.

दुसऱ्या दिवशी मी लाय सरांच्या वर्गात गेलो. दोन मजले चढून, चपलांच्या ढिगावरून उडी मारून. आतून आवाज येत होता, मोठा, एकसुरी, देवळातल्या पाठासारखा. “ढग!” “दातांचा डॉक्टर!” “शिडी!” “समुद्राची मान!” आणि त्या आवाजानं माझ्या मानेभोवती दोरी आली. खरोखरची दोरी, काथ्याची, घामानं चावणारी. आमच्या शाळेत राज्याची भाषा बोलायची सक्ती होती, घरची भाषा तोंडातून निसटली की गळ्यात लाकडी फळी अडकवायचे, आणि दुसरा कोणी घरच्या भाषेत बोलताना सापडेपर्यंत ती उतरायची नाही. मास्तर चित्र दाखवायचे, आम्ही सगळ्यांनी मिळून एक शब्द ओरडायचा. मला चित्रातला बैल पाहून आमचा बैल आठवायचा, त्याचं एक शिंग, त्याच्या पाठीवरचा बगळा, आणि हे सगळं घरच्या भाषेत आठवायचं, म्हणजे परत फळी. शेवटी एके दिवशी मी फळी घालून उभा असताना मास्तरांना त्या बैलाची अशी एक हकीकत सांगितली, त्यांच्या भाषेत, अगदी शुद्ध, की मास्तर पोट धरून हसले आणि हसता हसता त्यांच्या तोंडून आईवरून एक शिवी गेली, घरच्या भाषेतली. मी फळी काढली आणि त्यांच्या गळ्यात घातली. खोटं वाटत असेल तर वर्गातल्या कोणालाही विचारा. आता सगळे मेले आहेत. सांगायचं ते एवढंच की तेव्हा निदान कळत होतं, फळी म्हणजे फळी. एकच शब्द बोला, असं ते तोंडावर सांगत होते. इथे तोच खडू, तोच फळा, तोच एकसुरी ओरडा, आणि फळ्याच्या वर रंगीत अक्षरात लिहिलेलं, ‘मुक्त मन’. संतापानं माझे कान तापले.

लाय सर तरणा, सडपातळ, अदबशीर. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा दिला. अशा माणसाशी भांडणं म्हणजे ओल्या साबणाशी कुस्ती.

“तुम्हीच वेइवेइचे आजोबा! अहो, तुमची नात म्हणजे आमची खाण आहे. पहिल्या आठवड्यात काय एकेक उत्तरं दिली पोरीनं! मी फळ्यावरच लिहून घेतली. सगळ्यांना फायदा.”

“आणि खणून झाल्यावर खाणीत काय उरतं, सर?”

ते हसले. त्यांना ती कोटी वाटली. “खरं सांगू का, हल्ली ती जरा गप्प असते. मी म्हणतो, अगं, आण की घरून आणखी. आजोबांकडे भांडार आहे.”

“त्या आत्याच्या काखेत कोंबडी होती. ती का नाही घेतली?”

“कोंबडी?” त्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. “लांब होतं, आजोबा. एका शब्दाला पंधरा सेकंदच असतात.”

“पण सगळ्यांनीच आत्याचं लग्न लिहिलं, तर ते दुर्मिळ कसलं? मोजणाऱ्यांना दिसणार नाही का, की अख्ख्या ताइनान शहराच्या आत्या एकाच वेळी उडाल्या?”

लाय सरांचा चेहरा क्षणभर कोरा झाला. म्हणजे हे त्यांच्या मनात कधी आलंच नव्हतं. कल्पकतेच्या मास्तराच्या! मग ते सावरले. “दुसऱ्या वर्गांना कुठे माहीत आहे? आमच्याच मुलांना आहे.” दाराबाहेरच्या चपलांचा ढीग मला आतून दिसत होता. उतरताना जिन्यात वेगळ्याच गणवेशातली एक पोर दुसरीला घाईघाईनं सांगत होती, “शिडी, समुद्राची मान, शिडी, समुद्राची मान.”

घरी वेइवेइ माझी वाटच पाहत होती. अकराची पोर, पण त्या संध्याकाळी तिच्या भुवयांमध्ये तिच्या आईची आठी होती. “आजोबा, मला नवीन द्या. कोणालाच माहीत नसलेले. छत्रीला द्या, मिठाला द्या, पपनसाला द्या.”

“पपनसाला न्हावी आहे की आपला. पौर्णिमेला सालाची टोपी घालून बसलेलं पपनस गिऱ्हाईक समजून...”

“तो गेला!” ती ओरडली. “सगळ्यांना पाठ आहे तो. आता न्हाव्याला शून्य. सर म्हणतात, माझी उत्तरं आता सामान्य झाली.”

“तुझी उत्तरं?”

“मीच दिली होती ना,” ती खाली बघत म्हणाली, “मला वाटलं, ते विचारतील मग पुढे काय झालं. कोणी विचारलंच नाही.”

श्वे-फेन माशाची पेज वाढत होती. “बाबा, रस्त्यावरच्या कुत्र्याला थांबवून फुकट थापा मारता. आणि सख्ख्या नातीला दोन द्यायला हात आखडतो?”

“हात नाही आखडत. पण असं मागून...”

“द्या ना मग! छत्री?”

मी तोंड उघडलं. आणि माझ्या मनात आला पाऊस. नुसता पाऊस. मी घाईनं तो बाजूला सारला, त्याच्यामागे आणखी पाऊस होता. मीठ म्हटलं तर पांढरं. पपनस म्हटलं तर गोल. पोर माझ्याकडे बघत होती, पेजेची वाफ वर जात होती, आणि माझ्या डोक्यात, जिथे जन्मभर बैल आणि वाघ आणि बायका उडत होत्या, तिथे शाळेतला धुतलेला फळा होता. दुर्मिळ हो, असं कोणीतरी माझ्या मानेवर बोट ठेवून म्हणत होतं, आणि मी अंग चोरून सगळ्यांसारखा होत होतो. मला भीती वाटली, खोटं कशाला बोलू. मग भीतीचा राग झाला, माझ्यात तो लवकर होतो. मी पेजेचा वाडगा सरकवला आणि म्हणालो, “आत्या काय दुकानातल्या आहेत, मागितल्या की द्यायला?”

“कंजूष!” वेइवेइ म्हणाली आणि आत गेली. तिनं दार आपटलं नाही, हळूच लावलं, आणि ते मला जास्त लागलं.

मग शनिवारपर्यंत घरात माझं तोंड बंद करण्यात आलं. सूनबाईनं विद्येच्या देवापुढे परीक्षेचा शकुन म्हणून कांद्याची पात आणि मुळा ठेवला. तिथे आधीच सगळ्या आयांचे मुळे होते, सारख्याच लांबीचे, कल्पक होण्यासाठी वाहिलेले. तिला दुकानात जावं लागणार होतं म्हणून पोरीला शाळेत पोहोचवायचं माझ्याकडे आलं, पण शपथेवर. “वाटेत एक शब्द बोलायचा नाही, बाबा. तिचं पाठांतर हलेल.” म्हणून आम्ही दोघं शेजारी शेजारी, न बोलता चाललो. तिचे ओठ हलत होते. पूर्वी ती अशी चालताना रस्त्याला बघायची, स्कूटरवर मालकाच्या पायाशी उभं राहून जाणारं कुत्रं दिसलं की त्याला नाव ठेवायची, नोकरी द्यायची, त्याचं कर्ज फेडायची. त्या दिवशी तसलं एक कुत्रं अगदी जवळून गेलं, कान फडफडवत, थेट आमच्याकडे बघत. तिनं मान वळवली नाही. शाळेच्या दारात मी तिचा हात सोडला, आणि माझ्या मनात आलं की बरं झालं, हिला मिळू दे तो वर्ग, मिळू दे ती चित्रं आणि यंत्रं, म्हणजे निदान हे विझणं फुकट जाणार नाही. असा विचार आला म्हणून मला स्वतःचाच संताप आला.

बाहेर वडाखाली पालक उन्हाच्या छत्र्या उघडून बसले होते. मीही बसलो. आत शांतता झाली, कोणीतरी बाईंनी ध्वनिक्षेपकावर काही सांगितलं, पुन्हा शांतता. मी अजून नीट टेकलोही नव्हतो तोच वेइवेइ फाटकातून बाहेर आली. हातात दप्तर, चेहरा लाल, डोळे भरलेले.

“काय गं? झालं?”

“मला काढलं.”

“काढलं? कोणी?”

“परीक्षेच्या बाईंनी. त्यांनी विचारलं, कोणाकोणाच्या घरी गोष्टी सांगणारे आजोबा आहेत, हात वर करा. मी केला. मग त्या म्हणाल्या, गणकयंत्र आणायला बंदी असते ना, तसंच हे. आजोबा असलेल्या मुलांना बाहेरची मदत मिळते. तो इतरांवर अन्याय होतो.” तिनं नाक ओढलं. “त्यांनी लिहून घेतलं. आजोबा, चालू स्थितीत.”

चालू स्थितीत! मी उठलो तेव्हा माझ्या आतून फळी, दोरी, खडू, लाय सरांचा चहा, सगळं एकदम वर आलं. कोणीतरी मागून “आजोबा, आत जायची परवानगी नाही” म्हणालं. मी शाळेच्या ओवरीत घुसलो. वेइवेइ माझा सदरा ओढत होती, “आजोबा, नको, ऐका ना, आजोबा.” पण मी आता कोणाचं ऐकण्यातला नव्हतो. आयुष्यात पहिल्यांदा माझा राग कागदोपत्री रास्त होता. “तुमचं मोजमाप तुमच्यापाशी ठेवा!” मी ओरडत होतो. “पोरांच्या डोक्यात आपलेच दगड पेरता आणि मग खणून म्हणता, बघा, रत्नं सापडली! आणि जिथे खरोखर काही उगवलंय तिथे बंदी? आजोबांवर? उद्या पावसावर घाला बंदी, म्हणा फुलांना बाहेरची मदत मिळते!” हे वाक्य मला बोलता बोलताच आवडलं, ते मी लपवत नाही.

परीक्षावर्गाच्या दारातून एक तरुण बाई धावत आली. गळ्यात विद्यापीठाचं ओळखपत्र, त्यावर थांग हे नाव, एका हातात पाण्याची बाटली, दुसऱ्यात रक्तदाब मोजायचं यंत्र. मला पाहून ती थबकली.

“तुम्ही... तुम्ही वेइवेइचे आजोबा?”

“चालू स्थितीत!”

“पण तुम्ही चालता कशाला? बसा आधी! छातीत दुखतंय ना तुमच्या?”

“माझ्या?”

“तिला खिडकीतून दिसलं, तुम्ही झाडाखाली कोसळलात ते. म्हणून तर मी तिला सोडलं.” थांगबाईंचा आवाज कापत होता. तिला कोणी म्हातारा मेल्याचा अनुभव नसावा. “मी पहिला शब्द सांगितला, छत्री. बाकीच्या सगळ्या मुलांच्या पेन्सिली एकदम चालायला लागल्या. तुमची नात लिहीतच नव्हती, नुसती त्यांच्या हातांकडे बघत होती. मग एकदम उठली आणि म्हणाली, माझे आजोबा पडले. मी म्हटलं, जा, पळ. काळजी करू नका, घरातलं कोणी आजारी असेल तर दुपारच्या तुकडीत नव्या शब्दांवर बसता येतं. एरवी उठून गेलेल्याचं नाव काटतो आम्ही. पण हे कारण खरंच...” ती थांबली. तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. ताठ मान, लाल चेहरा, कमरेवर हात. तिच्या कपाळावर हळूहळू एक शंका उमटायला लागली. “आजोबा, तुम्हाला बरं नाहीये ना?”

मी वेइवेइकडे पाहिलं. ती भिंतीला टेकून उभी होती. डोळ्यांत पाणी तसंच होतं, पण त्या पाण्यामागून कोणीतरी माझ्याकडे रोखून बघत होतं, शांतपणे, देवळात पहिल्या रांगेत बसणारे जुने श्रोते बघतात तसं. आत एक थाप, बाहेर एक थाप. आतलीला अश्रू नाहीत, घाई. बाहेरचीला अश्रू, आणि ‘चालू स्थितीत’. मी, ज्यानं या गावाच्या तीन पिढ्यांना उल्लू बनवलं, तो त्या लोणकढीवर चढून, तलवार उपसून, ओवरीभर धावलो होतो. ही थाप कोणत्याही फळ्यावर नव्हती. माझ्यातही नव्हती. ती कुठून आणली पोरीनं? कोणत्या रस्त्यानं?

“मला?” मी म्हणालो, आणि आवाज अर्ध्यातच तोडला.

मी भिंतीला हात लावत बाकावर बसलो. पाय पसरले, डोळे अर्धे मिटले, छातीवर तळवा दाबला आणि असं कण्हलो की आतल्या पेन्सिली थांबल्या. उभा जन्म सेनापतींना मारलंय मी, मरणं मला येतं. थांगबाई यंत्राचा पट्टा सोडवायला वळली. तेवढ्यात वेइवेइ माझ्याजवळ आली, गळ्यात हात टाकले आणि कानाशी वाकली.

“आजोबा, डावीकडे,” ती दातांतल्या दातांत म्हणाली. “हृदय डावीकडे असतं.”

मला! मला शिकवते! माझ्या डोक्यात तिडीक गेली.

पण मी हात सरकवला.